विझलेल्या दीर्घिका शोधताना या चुका टाळा

अवाढव्य दीर्घिका तारे घडवणे एकाएकी का थांबवतात, हा विषय प्रकल्पासाठी मागणारे विद्यार्थी जेम्स वेब दुर्बीण सुरू झाल्यापासून खूप वाढले आहेत, आणि त्यात नवल नाही. २०२३ मध्ये जीएस-९२०९ या दीर्घिकेचा वर्णपट प्रसिद्ध झाला, तेव्हा मीही तो पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. तिची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश तांबड्या बाजूला किती सरकला त्याचे माप; जितकी जास्त तितका काळ जुना) ४.६५८ आहे, म्हणजे आज आपल्याला दिसणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम सव्वा अब्ज वर्षे होते. तरीही तोवर तिच्यात सुमारे ३८ अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे घडून झाले होते, त्यांना घडायला साधारण २० कोटी वर्षेच लागली होती, आणि विश्व ८० कोटी वर्षांचे असतानाच ही भट्टी थंड झाली होती.

असे उदाहरण समोर असले की कोणालाही या विषयाची ओढ वाटेल. मात्र दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर येणाऱ्या अहवालांमध्ये मला त्याच त्या चुका दिसतात, आणि त्या बहुतेक एकाच मुळातून फुटलेल्या असतात. "दीर्घिका विझली आहे", "ती झटकन विझली" आणि "ती अमुक कारणाने विझली" ही तीन स्वतंत्र विधाने आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागतो. पहिल्या विधानाचा अर्धामुर्धा पुरावा हाती येताच तिसरे विधान शीर्षकात टाकण्याची घाई मला मनापासून खटकते.

लाल दिसली म्हणजे विझली, असे समजणे

तारानिर्मिती चालू असते तेव्हा निळे, तप्त, मोठे तारे दीर्घिकेच्या प्रकाशावर राज्य करतात. ते अल्पायुषी असल्यामुळे नवे तारे बंद झाले की मागे लाल, लहान, दीर्घायुषी तारे उरतात. इथवर सगळे बरोबर आहे. पण धूळसुद्धा निळा प्रकाश गिळते, आणि धूळ तर नेमकी जिथे तारे जोमाने घडत असतात तिथेच भरपूर असते. कडेने दिसणारी एनजीसी ८९१ ही सर्पिल दीर्घिका घ्या: तिच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा आहे, तिच्यात तारे घडत आहेत, आणि केवळ रंगावरून निवड करणारा माणूस तिला सहज चुकीच्या रकान्यात टाकील. म्हणून एका रंगावर कधीही थांबू नये. अतिनील, दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांतून दोन रंग काढून ते एकमेकांसमोर मांडले की धुळीने लाल झालेल्या आणि वयाने लाल झालेल्या दीर्घिका बऱ्याच अंशी वेगळ्या होतात. त्या आलेखावरही सीमारेषेच्या आसपासच्या दीर्घिकांना मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घालते आणि तापलेली धूळ ज्यांत चमकते त्या दूरच्या अवरक्त किंवा उपमिलिमीटर तरंगांत तिथे काही दिसते का, हे पाहिल्याशिवाय ते खोडत नाही.

ही काळजी किती आवश्यक आहे, हे झेडएफ-कॉसमॉस-२०११५ या दीर्घिकेच्या बाबतीत जाणत्या मंडळींनाही अनुभवावे लागले. २०१७ मध्ये केक दुर्बिणीच्या वर्णपटाच्या आधारे ती ३.७१७ ताम्रसृतीवरची, सुमारे १७० अब्ज सूर्यवस्तुमानाची विझलेली दीर्घिका म्हणून जाहीर झाली. त्याच जागेतून उपमिलिमीटर प्रारणही येत होते, म्हणून लगेच आक्षेप निघाला की आत धुळीआड तारानिर्मिती चालू असावी. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या बारीक निरीक्षणांतून २०१८ मध्ये उलगडा झाला की ते प्रारण अवघ्या दहा हजार प्रकाशवर्षांच्या अंतरावर दिसणाऱ्या, धुळीने पूर्ण झाकलेल्या दुसऱ्याच दीर्घिकेचे होते, आणि मूळ दीर्घिका खरोखरच शांत होती. आकाशात या दोघींमधले अंतर अर्ध्या विकलेपेक्षाही (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) कमी आहे. आक्षेप घेणारे आणि दावा करणारे असे दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. निर्णय मात्र बारीक प्रतिमेने दिला.

प्रतिमा न पाहता वर्णपटावर विसंबणे

या चुकीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिने माझे तीन महिने घेतले.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाच्या सूचीतून "नुकत्याच विझलेल्या" दीर्घिका निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. कसोटी जुनी आणि भरवशाची होती. ॲलन ड्रेसलर आणि जेम्स गन यांनी १९८३ मध्ये दूरच्या दीर्घिकासमूहांत अशा दीर्घिका दाखवल्या होत्या, ज्यांच्या वर्णपटात नव्या ताऱ्यांची खूण असलेल्या उत्सर्जनरेषा (चमकत्या रेषा) नव्हत्या, पण बामर मालिकेतल्या हायड्रोजनच्या शोषणरेषा (काळ्या रेषा) खोल होत्या. याचा अर्थ सरळ आहे: हायड्रोजन-अल्फाची उत्सर्जनरेषा पेटती ठेवणारे मोठे तारे साधारण कोटभर वर्षांत संपतात, तर खोल बामर शोषणरेषा देणारे 'ए' वर्गाचे तारे काही दशकोटी ते अब्जभर वर्षे टिकतात. पहिले नाहीत आणि दुसरे भरपूर आहेत, याचा अर्थ दुकान नुकतेच बंद झाले आहे. मी सूचीला अटी घातल्या, यादी मिळवली, वस्तुमानानुसार आलेख काढले, आणि जवळच्या मोठ्या दीर्घिकांमध्ये विझण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा फार जास्त दिसते, असा निष्कर्षही लिहून काढला.

सरांनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "यातल्या एकीची तरी अतिनील प्रतिमा पाहिली आहेस का?" पाहिली नव्हती. त्यांनी माझ्याच संगणकावर यादीतली पहिली दीर्घिका गॅलेक्स या अतिनील उपग्रहाच्या संग्रहातून उघडायला लावली. दृश्य प्रकाशात जिथे मला पिवळसर, गुळगुळीत गोळा दिसला होता, तिथे अतिनीलमध्ये मध्यभागी जवळजवळ अंधार होता आणि त्याभोवती बांगडीसारखे निळे कडे झगझगत होते. सरांनी पेन्सिलीचे टोक पडद्याच्या मध्यावर ठेवले आणि म्हणाले, "तुझा फायबर एवढाच आहे." स्लोन सर्वेक्षणातला तो फायबर, म्हणजे दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकापर्यंत नेणारा काचतंतू, ३ विकला व्यासाचा होता. ०.०२ ताम्रसृतीवर ३ विकला म्हणजे सुमारे ४,००० प्रकाशवर्षे होतात, आणि दीर्घिकेची तबकडी लाखभर प्रकाशवर्षे पसरलेली असू शकते. मी जिला विझलेली म्हटले होते तिचा फक्त मधला उंचवटा शांत होता. बाहेरची तबकडी अजून नवे तारे घडवत होती. जवळच्या दीर्घिकांमध्ये प्रमाण जास्त का दिसत होते, याचे उत्तरही त्याच वर्तुळात होते: दीर्घिका जितकी जवळ, तितका फायबर तिचा लहान भाग पाहतो. ०.१ ताम्रसृतीवर तोच फायबर सुमारे १८,००० प्रकाशवर्षांचा भाग व्यापतो आणि हा घोळ बराच कमी होतो. त्या यादीतल्या अर्ध्याहून अधिक दीर्घिका मी त्या आठवड्यात काढून टाकल्या.

तेव्हापासूनची माझी सवय अशी आहे. यादी कितीही मोठी असो, प्रत्येक दीर्घिकेची प्रतिमा मी एका पानावर वीस याप्रमाणे छापून घेते, प्रत्येकीवर फायबरचे वर्तुळ खऱ्या मापाने काढते आणि एका बैठकीत सगळी पाने नजरेखालून घालते. हे काम संगणकाकडून करून घेता येईल, असे मला दरवर्षी कोणीतरी सुचवते. करून घेता येईलही, पण वीस प्रतिमा पाहिल्यावर डोळ्याला जे कळू लागते ते यादीला कळत नाही, आणि ज्याला तेवढाही वेळ काढायचा नाही त्याने दीर्घिकांचा विषय का घ्यावा, हे मला समजलेले नाही. शक्य असेल तेव्हा मँगा सर्वेक्षणाची माहिती वापरावी, कारण त्यात सुमारे १०,००० जवळच्या दीर्घिकांचे वर्णपट ठिकठिकाणी घेतलेले आहेत आणि केंद्र विझलेले व कडा जिवंत अशी उदाहरणे त्यात स्पष्ट वेगळी दिसतात. अतिनीलसाठी आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीचा संग्रह आधी चाळावा; गॅलेक्सच्या सुमारे ५ विकलांच्या तुलनेत तिची प्रतिमा दीड विकलेच्या आसपास बारकावा देते, त्यामुळे कडे आणि केंद्र एकमेकांत मिसळत नाहीत.

सगळ्या काळांना एकच उंबरठा लावणे

१०० अब्ज सूर्यवस्तुमानाची दीर्घिका वर्षाला एका सूर्याहून कमी वस्तुमानाचे तारे घडवत असेल तर ती विझलेली, हा नियम आजच्या विश्वासाठी ठीक आहे, पण तो चौथ्या-पाचव्या ताम्रसृतीवर जसाच्या तसा लावू नये. त्या काळातली साधारण दीर्घिका आजच्यापेक्षा कितीतरी पट वेगाने तारे घडवत होती, त्यामुळे "थांबली" हे त्या काळाच्या मानाने ठरवावे लागते. दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या दर सूर्यवस्तुमानामागे वर्षाला किती नवे तारे घडतात, त्यासाठी मी ०.२ भागिले विश्वाचे तेव्हाचे वय हा प्रचलित उंबरठा वापरते. त्यानुसार १०० अब्ज सूर्यवस्तुमानाला आज वर्षाला सुमारे दीड सूर्य आणि जीएस-९२०९ च्या काळी सुमारे सोळा सूर्य अशी मर्यादा येते.

"झटकन" हा शब्द प्रतिमानाच्या तोंडून ऐकणे

ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे, कारण ती करणाऱ्याला आपण चूक केली हे शेवटपर्यंत कळत नाही. बॅगपाइप्स, प्रॉस्पेक्टर, सिगाल यांसारखे तयार प्रोग्राम दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिचा तारानिर्मितीचा इतिहास काढून देतात, आणि सुंदर रंगीत पट्ट्यासह आलेख पडद्यावर उमटला की नवखा विद्यार्थी त्याला निरीक्षण समजतो. ते निरीक्षण नसते. तो आलेख म्हणजे निरीक्षण आणि आपण आधीच घातलेली अट यांचे मिश्रण असते.

अतिशय लोकप्रिय असलेले एक साधे प्रतिमान (मॉडेल) पाहा: तारानिर्मितीचा दर आधी चढतो आणि मग घातांकी पद्धतीने उतरतो, आणि त्यात चढण व उतरण दोन्ही एकच आकडा ठरवतो. अशा प्रतिमानात हळूहळू वाढून झटकन विझलेली दीर्घिका बसूच शकत नाही. तुम्ही तिला ती संधीच दिलेली नसते. उलट, इतिहासाचे कप्पे पाडणाऱ्या प्रतिमानात शेवटचे कप्पे ० ते ३ कोटी आणि ३ ते १० कोटी वर्षांचे ठेवले, तर उत्तर त्या कप्प्यांच्या सीमेवरच तुटते. मागे एका विद्यार्थ्याने मला फार आनंदाने दाखवले होते की त्याची दीर्घिका बरोबर ३ कोटी वर्षांपूर्वी बंद झाली. मी त्याला कप्प्यांच्या सीमा फळ्यावर लिहायला सांगितल्या. त्याने पहिला आकडा लिहिला, थोडा वेळ खडू हातात धरून उभा राहिला आणि न बोलता जागेवर जाऊन बसला. सीमा ५ कोटींवर सरकवल्यावर दीर्घिकाही ५ कोटी वर्षांपूर्वी बंद झाली.

यावर माझा उपाय एकच आहे आणि तो मी कोणालाही वगळू देत नाही. खऱ्या दीर्घिकेला हात लावण्यापूर्वी एक कृत्रिम दीर्घिका तयार करायची, जिचा इतिहास आपणच ठरवला आहे. तिला ५० कोटी वर्षांत सावकाश विझवायचे, तिच्या वर्णपटात आपल्या निरीक्षणाइतकाच गोंगाट मिसळायचा आणि मग तोच प्रोग्राम तिच्यावर चालवायचा. प्रोग्रामने "१० कोटी वर्षांत विझली" असे सांगितले, तर खऱ्या दीर्घिकेविषयी त्याने दिलेले १० कोटींचे उत्तर काय किमतीचे आहे, ते आपोआप कळते. या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात. दोन-तीन दिवस नाहीत, असे सांगणाऱ्यांकडे पुढे लेख मागे घेण्यासाठी दोन महिने निघतात, हे मी पाहिलेले आहे.

वय आणि धातुप्रमाण (हायड्रोजन-हीलियमहून जड मूलद्रव्यांचे प्रमाण) यांची गल्लतही इथेच होते. गाय वर्थी यांनी १९९४ मध्ये दाखवल्याप्रमाणे वय तिप्पट करा किंवा धातुप्रमाण दुप्पट करा, दीर्घिकेचा रंग जवळजवळ सारखाच बदलतो. धातुप्रमाण सूर्याइतके धरून मोकळे झालेल्या अहवालातल्या वयावर मी विश्वास ठेवत नाही.

शिवाय ताऱ्यांच्या वयाचे हे घड्याळ कालांतराने पुसट होते, हे विसरू नये. दीर्घिका बंद होऊन काही अब्ज वर्षे लोटली असतील, तर ती १० कोटी वर्षांत बंद झाली की ५० कोटींत, हे तिच्या प्रकाशावरून सांगता येत नाही, कारण फरक दाखवणारे तारे केव्हाच मेलेले असतात. दूरच्या दीर्घिकांचे महत्त्व इथे आहे: जिच्या काळी विश्वच सव्वा अब्ज वर्षांचे होते, तिच्या इतिहासाला लपायला जागाच उरत नाही. जवळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांसाठी दुसरे घड्याळ वापरावे लागते, ते म्हणजे मॅग्नेशियम आणि लोह यांचे प्रमाण. मॅग्नेशियम मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून लगेच मिळते, तर बरेचसे लोह श्वेत बटूंच्या, म्हणजे लहान ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून उशिरा येते. म्हणून लोहाच्या मानाने मॅग्नेशियम जास्त असेल, तर लोह पुरते मिसळण्याआधीच तारानिर्मिती आटोपली होती असे म्हणता येते. हे घड्याळ तारे किती अवधीत घडले ते सांगते. शेवटचा दरवाजा किती जोरात लागला, ते त्याला विचारू नये.

कृष्णविवर दिसले की कारण सापडले, असे मानणे

हिशेब मोहात पाडणारा आहे, हे मान्य. अब्ज सूर्यवस्तुमानाचे कृष्णविवर वाढताना जी ऊर्जा बाहेर टाकते, ती १०० अब्ज सूर्यवस्तुमानाच्या दीर्घिकेला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट भरते. पण ऊर्जा असणे आणि ती वायूला लागणे या दोन गोष्टी आहेत. बरीचशी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने वायूला न शिवता निघून जाते. दुसरे असे की सक्रिय केंद्र, म्हणजे वायू गिळणाऱ्या कृष्णविवराभोवतीचा झगमगाट, लाखभर वर्षांच्या अवधीत पेटते आणि मंदावते, तर दीर्घिका विझायला कोट्यवधी वर्षे लागतात. म्हणून आज केंद्र पेटलेले दिसणे हा कारणाचा पुरावा होत नाही आणि न दिसणे हा निर्दोषत्वाचाही नाही. पुष्कळ तेजस्वी क्वेसारांच्या (अतिशय प्रखर सक्रिय केंद्रांच्या) यजमान दीर्घिका जोमाने तारे घडवत असतात. विझण्याशी अधिक घट्ट नाते दिसते ते केंद्रातल्या ताऱ्यांच्या वेगांच्या पसाऱ्याचे, ज्यावरून कृष्णविवराचे वस्तुमान, म्हणजेच त्याने आजवर ओतलेल्या एकूण ऊर्जेचा अंदाज येतो. जीएस-९२०९ मध्ये सुमारे ५० कोटी सूर्यवस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि ते आज मंदच आहे. माझ्या दृष्टीने त्यातला वजनदार पुरावा मंद प्रकाश नसून ते वस्तुमान आहे.

विझवणे आणि विझलेले ठेवणे यांतही फरक करावा. ययाती दीर्घिकासमूहाच्या मध्यावरच्या एनजीसी १२७५ भोवती चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला तप्त वायूत जे पोकळ फुगे दिसतात, ते कृष्णविवराजवळून सुटलेल्या जुन्या झोतांनी केलेले आहेत आणि तो वायू थंड होऊन पुन्हा तारे घडू नयेत, हे काम ते करतात. ती दीर्घिका मुळात कशी विझली, ते या फुग्यांवरून ठरत नाही. झोतांचा इतिहास पाहायचा असेल तर कमी वारंवारतेची रेडिओ निरीक्षणे घ्यावीत, कारण जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात आणि जुने झोत कमी वारंवारतेलाच दिसत राहतात. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा संग्रह यासाठी हाताशी आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही.

थोडक्यात सांगण्यासारखे

हायड्रोजन-अल्फाची फिकट रेषा दिसली की "अजून तारे घडताहेत" असे लिहू नये. म्हातारे, उघडे पडलेले तप्त तारेही वायूला तेवढे उजळवू शकतात. विझलेली म्हणजे वायूविना, हेही गृहीत धरू नये: नुकत्याच विझलेल्या ३२ जवळच्या दीर्घिकांच्या एका पाहणीत निम्म्याहून थोड्या अधिक दीर्घिकांमध्ये रेण्वीय वायू, म्हणजे ताऱ्यांचा कच्चा माल, सापडला होता. दीर्घिकासमूहात पडल्यामुळे विझलेल्या लहान दीर्घिका आणि स्वतःच्या वस्तुमानामुळे विझलेल्या मोठ्या दीर्घिका एकाच आलेखात कालवू नयेत. केवळ नव्या वायूचा पुरवठा तुटला तर साठा संपायला आजच्या दीर्घिकेला अब्जभर वर्षे लागतात, म्हणून "झटकन" म्हणायचे असेल तर साठ्याचे काय झाले ते सांगावे लागते.

साठा बाहेर फेकला गेला असे म्हणायचे असेल, तर फक्त चमकणारा आयनीभूत वायू मोजून थांबू नये. कॉसमॉस-१११४२ या सुमारे २.४५ ताम्रसृतीवरच्या दीर्घिकेत जेम्स वेबला २०२४ मध्ये जो प्रवाह सापडला, त्यातला मोठा भाग उदासीन, थंड वायूचा होता, आणि तो सोडियमच्या शोषणरेषेतून कळला. वर्षाला सुमारे ३५ सूर्यवस्तुमान इतका वायू बाहेर जात होता, तिथे उरलेल्या तारानिर्मितीपेक्षा कितीतरी जास्त. मात्र सोडियमची रेषा जुन्या ताऱ्यांच्या वातावरणातही तयार होते, आणि विझलेल्या दीर्घिकेत जुने तारे पुष्कळ असतात. म्हणून आधी ताऱ्यांचा वाटा वजा करावा, आणि मग उरलेली रेषा निळ्या बाजूला सरकलेली, म्हणजे वायू आपल्या दिशेने येत असलेला, आहे का ते पाहावे. ती सरकलेली नसेल, तर वायू दीर्घिकेत जागच्या जागी असू शकतो, आणि अहवालात "प्रवाह" हा शब्द येऊ देऊ नये.